इंजेक्शन नाशकात, लक्षण सुरगाण्यात

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपल्या घरांत फक्त चांगल्या अर्थाने वापरला जातो. ती कमी पडते, ती वाढवायची असते. च्यवनप्राशापासून काढ्यापर्यंत सगळा खटाटोप तिच्यासाठी. त्यामुळे कॅन्सरच्या डे-केअरमध्ये ‘इम्युनोथेरपी द्यायची आहे’ असं सांगितलं की घरच्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना आम्हाला दिसतो. केस गळणार नाहीत, उलट्या फारशा होणार नाहीत, शरीराच्याच ताकदीने आजाराशी लढायचं, एवढा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचतो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. ही औषधं प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतात. आपल्याच अवयवांवर हल्ला होऊ नये म्हणून प्रतिकारपेशींवर पीडी-१ आणि सीटीएलए-४ नावाचे ब्रेक असतात. कॅन्सर त्यांचाच आडोसा घेऊन वाढतो. औषधाने तो आडोसा हटतो आणि मोकळ्या सुटलेल्या पेशी गाठीवर तुटून पडतात, तशाच कधी त्वचेवर, आतड्यावर, थायरॉइडवर आणि क्वचित मज्जासंस्थेवरही पडतात. या शेवटच्या, क्वचित घडणाऱ्या गोष्टीबद्दल मला लिहायचं आहे. या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. मज्जासंस्थेवरच्या दुष्परिणामातून रुग्ण सावरतो की नाही, हे मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाआधी, पहिलं लक्षण ज्याच्या कानावर पडतं त्या माणसावर ठरतं. तो माणूस बहुतेकदा गावातला असतो, आणि त्याच्यापर्यंत काही पोचवणं हे आपलं काम आहे असं आम्ही अजून मानलेलं नाही.

ही औषधं आधी आली ती मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरसाठी. गोऱ्या कातडीच्या देशांत तो मुख्यतः उन्हाने होतो. आपल्याकडे तो दुर्मीळ, आणि सापडतो तोही बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी: टाचेला, तळपायाला, अंगठ्याच्या नखाखाली, कधी नाकाच्या किंवा गुदद्वाराच्या आतल्या अस्तरावर. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या टाचेवरचा काळा डाग काटा मोडल्याचा, कुरूपाचा किंवा दगड लागून रक्त साकळल्याचा समजला जातो. त्यावर पाला बांधला जातो, ब्लेडने तो तासला जातो, आणि माणूस नाशिकला येतो तेव्हा जांघेत गाठ आलेली असते. २०११ पर्यंत पसरलेल्या मेलानोमावर भरवशाचा इलाज नव्हता. बहुतेक रुग्ण वर्षभरात जात. त्या वर्षी अमेरिकेत इपिलिमुमॅबला मान्यता मिळाली, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब आली, आणि यामागच्या शोधाला, जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना, २०१८ चं नोबेल मिळालं. चेकमेट-०६७ या चाचणीत इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही जोडी घेतलेल्यांपैकी ५२ टक्के रुग्ण पाच वर्षांनी आणि ४३ टक्के दहा वर्षांनी हयात होते. हे आकडे मुख्यतः गोऱ्या रुग्णांचे आहेत. तळपायाचा आणि अस्तरावरचा मेलानोमा या औषधांना इतकी साथ देत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही ज्या आजारात पूर्वी महिने मोजायचे त्यात आता वर्षं मोजता येतात. आज तीच औषधं फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या, तोंडाच्या कॅन्सरलाही दिली जातात, आणि नाशकात ती घेणारे बहुतेक रुग्ण या दुसऱ्या गटातले आहेत. त्यामुळे पुढचा सगळा विचार औषधाच्या बाजूने उभं राहूनच करायचा आहे.

मेलानोमाचं आणि मज्जातंतूंचं नातं गर्भातलं आहे. रंगपेशी आणि मज्जातंतूंवर वेष्टण घालणाऱ्या पेशी गर्भाच्या एकाच पट्टीतून, न्यूरल क्रेस्टमधून, निघतात. उपचार चालू असताना काही मेलानोमा रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग उठतात. प्रतिकारपेशींना रंगपेशी ओळखता येऊ लागल्याची ती खूण म्हणून डॉक्टर त्याकडे बऱ्याचदा आशेने पाहतात. हीच ओळख कधी मज्जातंतूंपर्यंत ओढली जात असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. किती जणांना हा त्रास होतो? २०१७ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात सीटीएलए-४ वर काम करणारं औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, पीडी-१ वर काम करणारं घेणाऱ्यांत ६ टक्के आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत १२ टक्के लोकांना मज्जासंस्थेचा काही ना काही त्रास आढळला. यात डोकेदुखी, चव बदलणं, मुंग्या असे सौम्य प्रकारच जास्त. गंभीर त्रास ढोबळमानाने शंभरात एक ते तीन जणांना होतो. त्यात चार-पाच आजार येतात: मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर बिघाड करणारा मायस्थेनिया, स्नायूंचा दाह, मेंदूचा किंवा त्याच्या आवरणाचा दाह, आणि २०२५ च्या सुरुवातीला पुण्यातल्या साथीमुळे घराघरांत माहीत झालेल्या जीबीएससारखी हातापायांची कमजोरी.

अडचण ही, की हे आजार फार साध्या रूपात घरात शिरतात. मायस्थेनियाचा रुग्ण सांगतो ते असं: संध्याकाळी टीव्हीवर एकाची दोन माणसं दिसतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो, पाणी पिताना नाकातून येतं, पापणी झोप आल्यासारखी मिटते. सकाळी बरं असतं, दिवस कलला की वाढतं. स्नायूंच्या दाहात मांड्या आणि खांदे दुखतात, ओट्यावरून उठताना हात टेकावा लागतो, आंघोळीचा तांब्या डोक्यापर्यंत जात नाही. जीबीएससारख्या प्रकारात पायाला मुंग्या येतात, मग चालताना चप्पल पायातून निसटते, मग जिना चढवत नाही. मेंदूच्या दाहात ताप, असंबद्ध बोलणं, झटका. हे पकडायला मोठी यंत्रं लागत नाहीत. रुग्णाला मिनिटभर छताकडे एकटक पाहायला सांगायचं आणि पापणी हळूहळू खाली येते का ते बघायचं. उताणं झोपवून उशीवरून मान उचलायला लावायची. हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगायचं. खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला लावायचे. पंधरा-वीसच्या आत दम संपला, तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत असं समजून ॲम्ब्युलन्स बोलवायची. इथे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबून चालत नाही. स्नायू थकत असताना त्यावरचा आकडा शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो आणि मग एकदम कोसळतो.

आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. सलाईनमधून जाणारं हे औषध अर्ध्या-एक तासात संपतं आणि रुग्ण त्याच दिवशी एसटीने किंवा जीपने परततो: सावळघाटापलीकडे पेठला, सुरगाण्याला, कळवणला, येवल्याला, कोणी थेट नंदुरबारला. पुढची तारीख दोन-तीन आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनी. मज्जासंस्थेचा त्रास बहुधा पहिल्या तीन-चार महिन्यांत उगवतो, आणि तो आमच्या तारखा बघून येत नाही. निवोलुमॅबचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे २५ दिवस लागतात, म्हणून उपचार थांबल्यावरही काही महिने धोका राहतो. थोडक्यात, रुग्ण आमच्यासमोर असतो तेव्हा लक्षण नसतं, आणि लक्षण असतं तेव्हा तो गावातल्या डॉक्टरसमोर असतो. तिथे साहजिक कारणं शोधली जातात. मुंग्या म्हणजे साखर किंवा बी-१२ ची कमतरता, मान उचलत नाही म्हणजे मणका, गळून गेलाय म्हणजे कॅन्सरचा अशक्तपणा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीनंतर फवारण्या चालू असतील तर औषध अंगावर आलं असणार हाही अंदाज. यातलं एकही कारण खुळचट नाही. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक खरोखरच मज्जातंतू-स्नायूंच्या जोडावर काम करतं, आणि तीव्र विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. डॉक्टरचा तर्क बरोबर चालतो. दीड महिन्यापूर्वी नाशकात या माणसाच्या शिरेतून काय गेलं, ही त्या तर्काला लागणारी माहिती तेवढी समोर नसते.

म्हणूनच ‘खेड्यातल्या डॉक्टरला हे कसं कळणार’ हे वाक्य मला मान्य नाही. जड पापणी वाचण्यात आपल्या आदिवासी तालुक्यांतले डॉक्टर शहरातल्या कित्येकांपेक्षा तयार आहेत. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, दंश जाणवतही नाही, आणि पहाटे तो पापण्या उघडत नाहीत, गिळवत नाही म्हणून उठतो. हे पाहिलेला वैद्यकीय अधिकारी पापण्या बघतो, मान उचलायला लावतो, एका श्वासात आकडे मोजून घेतो. मायस्थेनियातही नेमकं हेच करायचं असतं, कारण मण्यारीचं विष आणि बिथरलेली प्रतिकारशक्ती, दोन्हींचा मार त्याच जोडावर बसतो. ज्ञान कडेच्या भागातून उभं राहतं याचा आपल्या राज्याला मोठा अनुभव आहे. विंचू चावल्यावर माणूस हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन दगावतो हे ओळखून, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन त्यावर चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ग्रामीण रुग्णांवरच्या निरीक्षणातून दाखवलं, आणि कोकणातले मृत्यू झपाट्याने घटले. तिथे नजर होती आणि औषधही गावात पोचलं. आपल्या प्रश्नात नजर आहे, पण कॅन्सरच्या इंजेक्शनशी तिची गाठ अजून कोणी घालून दिलेली नाही.

ती गाठ न पडल्याने उशीर होतोच, शिवाय भलतं औषधही पोटात जाऊ शकतं. याच उपचाराने आतड्याला दाह होऊन जुलाब लागतात. जुलाब म्हटल्यावर गावात पटकन दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत ऑफ्लोक्सॅसिन किंवा सिप्रोफ्लोक्सॅसिन असतं. खोकला असेल तर ॲझिथ्रोमायसिन, ताप उतरत नसेल तर ॲमिकासिनचं इंजेक्शन. एरवी उपयोगी असलेली ही सगळी औषधं मायस्थेनिया असलेल्या माणसाची स्नायूंची कमजोरी वाढवू शकतात, आणि शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम तर विशेष धोक्याचं. त्याहून मोठा धोका छातीत लपलेला असतो. मायस्थेनिया, स्नायूंचा दाह आणि हृदयाच्या स्नायूचा दाह हे तिन्ही या औषधांनंतर एकत्र येण्याची प्रवृत्ती आहे, आणि २०१८ च्या एका जागतिक पाहणीत हृदयदाह झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण दगावल्याचं दिसलं. म्हणून जड पापणी दिसली की ईसीजी काढायचा, ट्रोपोनिन आणि सीपीके या रक्ततपासण्या पाठवायच्या, हा नियम तालुक्यालाही माहीत हवा. ईसीजीचं मशीन तालुक्याच्या ठिकाणी असतं. ते या रुग्णाला लावायचं हे कोणीतरी सांगायला हवं.

वेळेत ओळखलं तर करता येण्यासारखं बरंच आहे. पुढचा डोस थांबवायचा, दाखल करायचं, एमआरआय आणि गरज पडल्यास पाठीतल्या पाण्याची तपासणी करायची. मेलानोमा मेंदूत पसरण्यात पटाईत आहे आणि आपल्या भागात क्षयाचा मेनिन्जायटिसही विसरून चालत नाही, त्यामुळे सगळा दोष औषधावर ढकलणं हीसुद्धा चूकच. दुसरं कारण नाही असं दिसलं, की शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. गंभीर प्रकारात इम्युनोग्लोब्युलिन पाच दिवस किंवा प्लाझ्मा बदलणं. जीबीएसमध्ये एरवी स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, पण या औषधांमुळे झालेल्या प्रकारात ते देऊन पाहतात. म्हणजे कारण माहीत असण्याने उपचारच बदलतो. मायस्थेनियात मोठ्या डोसचं स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांत कमजोरी वाढवू शकतं, म्हणून ते श्वासावर लक्ष ठेवूनच द्यायचं. गावात दोन दिवस डेक्झामेथासोन टोचून, बरं वाटलं म्हणून बंद करणं यात बसत नाही. डोस कित्येक आठवडे हळूहळू उतरवावा लागतो. लवकर पकडलेल्या रुग्णाचं काम पुष्कळदा स्टेरॉइडवर भागतं. उशीर झालेल्याला आयसीयू, व्हेंटिलेटर आणि लाखांतलं इम्युनोग्लोब्युलिन लागतं. आधीच उपचारासाठी जमीन गहाण टाकलेल्या घराला हा फरक शब्दांत समजावून सांगावा लागत नाही.

याला पहिला आक्षेप येतो तो गर्दीचा: शंभरात एक-दोघांना होणाऱ्या गोष्टीसाठी भरलेल्या ओपीडीत वेळ कुठून आणायचा? याचं उत्तर आकड्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. एखाद्या धोक्याची काळजी घ्यायची की नाही हे तो किती वेळा घडतो एवढ्यावरच ठरत नाही. तो किती वेगाने वाढतो आणि वेळेत पकडला तर परतवता येतो का, हेही पाहावं लागतं. मज्जासंस्थेचा दुष्परिणाम दोन्ही निकषांवर काळजी घेण्यासारखा ठरतो. शिवाय दुर्मीळ असणं हेच त्याच्या धोक्याचं एक कारण आहे. जे रोज दिसतं ते सगळे ओळखतात. वर्षात एखाद्या वेळी दिसणारं ओळखायला आठवण करून देणारं काहीतरी हातात लागतं. वेळ लागतो तो पाच मिनिटांचा, पहिल्या डोसच्या आधी, आणि तो डॉक्टरनेच द्यायला हवा असंही नाही. सिस्टर तो जास्त चांगला देतात, कारण रुग्ण त्यांना ‘हे कसं वाटेल’ म्हणून गप्प न बसता विचारतो.

दुसरा आक्षेप मायेपोटी येतो: सगळं सांगितलं तर माणूस घाबरेल, हातातलं औषध सोडून देईल. घरातले लोकही बाजूला घेऊन ‘त्यांना काही सांगू नका’ म्हणतात. ही भीती खरी आहे, तिची थट्टा करून चालणार नाही. पण न सांगण्याने भीती जात नाही, ती पुढे ढकलली जाते आणि लक्षणासोबत अंगावर येते. संमतीपत्रावर इंग्रजीत ‘न्यूरोलॉजिकल टॉक्सिसिटी’ छापून सही घेतली म्हणजे सांगितलं, असं कायदा कदाचित मानेल; माणुसकी मानत नाही. औषध थांबवावं लागलं तर सगळं संपलं, या समजालाही आधार नाही. मेलानोमात इपिलिमुमॅब-निवोलुमॅब घेतलेल्या रुग्णांच्या एका एकत्रित अभ्यासात, सुरुवातीच्या डोसांतच दुष्परिणामांमुळे औषध बंद करावं लागलेल्यांना, चालू ठेवलेल्यांइतकाच फायदा झालेला दिसला. एकदा जागी झालेली प्रतिकारशक्ती कित्येकांत जागीच राहते. ‘त्रास सांगितला तर औषध बंद करतील’ या धास्तीने मुंग्या लपवणाऱ्या रुग्णाला ही गोष्ट आवर्जून सांगावी अशी आहे.

तिसरा आक्षेप खास आपल्याकडचा: आपल्याला पूर्ण डोस परवडतोच कुठे, आणि कमी डोसला दुष्परिणामही कमीच. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिला. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, आणि गंभीर दुष्परिणामही वाढले नाहीत. हे काम आपल्यासारख्या देशासाठी फार मोलाचं आहे. पण त्यातला तर्क नीट पाहा: पीडी-१ चे ब्रेक अगदी थोड्या औषधानेही व्यापले जातात, म्हणून थोडं औषध पुरतं. तोच तर्क आपल्याला सावध करतो, कारण ब्रेक गाठीजवळ सुटत असेल तर मज्जातंतूजवळही सुटू शकतो. त्या चाचणीत निवोलुमॅब घेणारे ७६ जण होते. शंभरात एकाला होणारी गोष्ट ७६ जणांत दिसली नाही म्हणून ती होत नाही असं ठरत नाही. आणि कमी डोसमुळे ही औषधं घेणारे वाढले, ते वाढावेत अशीच माझी इच्छा आहे, तर सुरगाण्याच्या दवाखान्यात असा एक तरी रुग्ण येण्याची शक्यताही वाढणार.

म्हणून करायचं काय, तर एक कार्ड. आधारकार्डाएवढं, मराठीत, लॅमिनेट केलेलं, पाकिटात किंवा पदराच्या गाठीत राहील असं. एका बाजूला रुग्णासाठी: एकाची दोन दिसणं, पापणी जड होणं, गिळताना ठसका, मान न उचलणं, ओट्यावरून उठता न येणं, पायातून चप्पल निसटणं, दम लागणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा, आणि श्वासाला त्रास असेल तर १०८ ला फोन करा. दुसऱ्या बाजूला डॉक्टरसाठी: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, टाळायच्या औषधांची यादी, ईसीजी आणि ट्रोपोनिनची आठवण, आणि रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर. हा नंबर सर्वांत अवघड भाग आहे, कारण कार्ड छापायला काही रुपये लागतात आणि नंबर उचलायला माणूस लागतो. तो माणूस देणं ही इम्युनोथेरपी देणाऱ्या प्रत्येक केंद्राची जबाबदारी आहे. औषधाच्या एका डोसच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. आशाताईंना हेच कार्ड दाखवलं तर घरभेटीत ‘इंजेक्शन कुठलं चालू आहे’ एवढा एक प्रश्न त्या विचारू शकतील. आणि राज्यभरातल्या वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. गावोगावचा पहिला डॉक्टर आणि पहिली नर्स तिथल्याच पदव्या घेऊन जातात. त्यांच्या प्रशिक्षणात मण्यारीच्या दंशाशेजारी या दुष्परिणामाचं एक पान बसवायला नवी इमारत लागत नाही.

टाचेवरचा काळा डाग काट्याचा समजून गेलेले महिने आम्ही परत आणू शकत नाही. तो उशीर आजाराच्या आणि गरिबीच्या खात्यावर टाकता येतो. पण आम्ही स्वतः दिलेल्या औषधाचं लक्षण ओळखलं गेलं नाही म्हणून होणारा उशीर आमच्या खात्यावर आहे, कारण तो टाळण्याची माहिती आमच्याकडे होती आणि ती आम्ही गेटच्या आतच ठेवली. सुरगाण्यातल्या दवाखान्यात रात्री कोणी जड पापण्या घेऊन येईल, डॉक्टर सवयीने विचारतील, ‘काही चावलं का?’ त्याच्या पुढचा प्रश्न, ‘कॅन्सरचं इंजेक्शन चालू आहे का?’, त्यांना सुचावा, आणि उत्तरादाखल रुग्णाच्या खिशातून ते कार्ड निघावं. एवढं झालं, तर पहाटेपर्यंत ॲम्ब्युलन्स घाट चढून नाशकात आलेली असेल, आणि रुग्ण स्वतःच्या दमाने श्वास घेत असेल.